भांडे कशाने शुद्ध होते? राखेने की जातीने?



बिडाचा तवा, लोखंडी कढई, लाकडी काठवट, पोळपाट-लाटणे, कल्हईचे पितळी पातेले, तांब्याचा हंडा, जर्मनचे टोप, धारेची सुरी. ही यादी कुणाच्या रुखवताची नाही. भांडी घासायचे मशीन विकत घेतले की सोबत जी पुस्तिका मिळते, तिच्यात साधारण अशीच यादी असते आणि तिच्यावर सूचना असते : या वस्तू मशीनमध्ये टाकू नका, हाताने धुवा.

कारणे साधी आहेत. मशीनमधला साबण फार क्षारयुक्त असतो आणि पाणी कडक गरम. बिडाच्या तव्यावर महिनोन्महिने बसलेला तेलाचा थर त्यात निघून जातो आणि तवा गंजतो. लाकूड पाणी पिऊन फुगते, वाळताना तडकते. जर्मन काळे पडते. कल्हई झिजते, तांबे-पितळ निस्तेज होते, सुरीची धार जाते. म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातली जी भांडी सर्वांत जास्त करपतात आणि काजळतात, नेमकी तीच हातावर राहतात.

पुस्तिका इथे संपते आणि आपला प्रश्न इथून सुरू होतो. हाताने धुवायचे, पण कोणाच्या हाताने? आणि ज्या हाताने भांडे घासून लख्ख केले, त्या हाताला त्याच भांड्यात जेवायचा हक्क आहे का? आपल्या देशात या प्रश्नाला दोन हजार वर्षांहून जुना इतिहास आहे. तो इतिहास नीट वाचला तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. शुद्धीचा नियम मालकाच्या सोयीसाठी नेहमी वाकला. माणसाच्या हक्कासाठी तो आपोआप कधीच वाकला नाही, तिथे प्रत्येक वेळी लढावे लागले. आज वेल्हे आणि भोर तालुक्यांतून पुण्याला धुणीभांडी करायला जाणाऱ्या आपल्या आयाबहिणींचा प्रश्न समजून घ्यायचा असेल, तर हा इतिहास माहीत हवा.

राख आणि चिंच : हे ज्ञान कोणाचे?

आपल्या आज्या भांडी कशाने घासायच्या? चुलीतली राख, माती, नारळाचा काथ्या आणि पितळेसाठी चिंच. यात अडाणीपणा काहीच नव्हता. राखेत क्षार असतात, ते तेलकटपणाला धरतात आणि साबणासारखे काम करतात. पितळ-तांब्यावर हवेमुळे जो काळपट थर चढतो, तो चिंचेतल्या आम्लाने विरघळतो. तेलकटाला क्षार आणि धातूच्या डागाला आम्ल हा नियम आजच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकातही तसाच आहे.

गंमत अशी की हीच माहिती मनुस्मृतीतही आहे. पाचव्या अध्यायात कोणते भांडे कशाने शुद्ध करावे याची लांबलचक यादी दिली आहे. सोने नुसत्या पाण्याने, तांबे-लोखंड-पितळ-कथील वगैरे क्षार, आम्ल आणि पाण्याने, मातीचे भांडे पुन्हा भाजून. कुणी म्हणेल, बघा आपले पूर्वज किती शास्त्रीय होते. आपण विचारायचे, हे शोधले कोणी? ग्रंथ लिहिणाऱ्याने कधी चुलीपुढे बसून पातेले घासले असेल असे वाटत नाही. पिढ्यान्पिढ्या घासणाऱ्या बायकांच्या आणि सेवकांच्या हातांनी जे शोधले, ते ग्रंथकाराने श्लोकात बसवले आणि धर्म म्हणून त्यांच्याच डोक्यावर ठेवले.

इथपर्यंत तरी नियम भांड्याबद्दल होता. धातू कोणता, डाग कसला, उपाय कोणता. मेख पुढे आहे.

घासूनही शुद्ध न होणारे भांडे

पाणिनीच्या व्याकरणात शूद्रांबद्दलचे एक सूत्र आहे. समास एकवचनी करायचा की नाही, एवढाच त्याचा विषय. सूत्रात 'अनिरवसित', म्हणजे बाहेर न काढलेले, असा शब्द येतो. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास पतंजलीने महाभाष्यात या शब्दाचा अर्थ लावायचा प्रयत्न केला. बाहेर काढलेले म्हणजे कशातून? आर्यावर्तातून? आर्यांच्या वस्तीतून? यज्ञकर्मातून? प्रत्येक अर्थाला अडचण येते, कारण चांडाळसुद्धा गावा-नगरांत राहत होते आणि सुतार, लोहार, धोबी, विणकर यांना यज्ञाचा अधिकार नव्हताच. शेवटी पतंजली भांड्यापाशी येतो. ज्यांनी जेवलेले भांडे संस्काराने म्हणजे घासून-धुऊन शुद्ध होते, ते आतले शूद्र. ज्यांनी जेवलेले भांडे कितीही संस्कार केले तरी शुद्ध होत नाही, ते बाहेरचे. उदाहरण म्हणून तो चांडाळ आणि मृतपांची नावे देतो.

मित्रांनो, हे दोनदा वाचा. इथे रसायनशास्त्र संपले. राख तीच, चिंच तीच, काथ्या तोच, कांस्याचे ताटही तेच. सुताराने जेवले तर ते निघते, चांडाळाने जेवले तर निघत नाही. आता डाग ताटावर उरलाच नाही, तो माणसावर ठेवला गेला. मनुस्मृतीचा दहावा अध्याय हेच पुढे नेतो. चांडाळांनी गावाबाहेर राहावे, त्यांना 'अपपात्र' करावे, म्हणजे त्यांनी वापरलेले भांडे इतरांनी वापरू नये, आणि त्यांना अन्न द्यायचे ते फुटक्या भांड्यात, अशी व्यवस्था तिथे सांगितली आहे.

इथे बाबासाहेबांची एक सूचना लक्षात ठेवायला हवी. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथात त्यांनी अपवित्र मानले जाणे आणि अस्पृश्य मानले जाणे यांत फरक केला आणि अस्पृश्यतेचा उगम इसवी सन ४०० च्या आसपास मांडला. त्यामुळे पतंजलीच्या एका ओळीवरून आजची सगळी अस्पृश्यता त्याच्या काळात नेऊन ठेवायची घाई करू नये. पण एवढे नक्की म्हणता येते की माणसाला आतला की बाहेरचा ठरवायची मोजपट्टी म्हणून उष्टे भांडे वापरण्याची कल्पना फार जुनी आहे. पुढे सगळ्या गावकुसाबाहेर हीच मोजपट्टी लावली गेली.

समाजशास्त्र शिकताना मेरी डग्लस या ब्रिटिश अभ्यासिकेचे १९६६ सालचे पुस्तक वाचावे लागते. घाण म्हणजे जी वस्तू तिच्या ठरलेल्या जागी नाही ती, असा तिचा मुद्दा. बूट दारात असला तर घाण नाही, जेवणाच्या ताटाशेजारी असला तर घाण. विचार पटण्यासारखा आहे. पण जातीच्या समाजाने वस्तूची जागा ठरवण्यावर समाधान मानले नाही, त्याने माणसाची जागा ठरवली. आणि जागा सोडून उभा राहिलेला माणूस हीच घाण, असे जाहीर केले.

नियम कुणासाठी वाकतो?

हा नियम खरोखर धर्माचा असता तर तो सगळीकडे सारखा कडक असायला हवा होता. तसे कधी दिसत नाही.

पितळी भांड्याला कल्हई लावणारा कारागीर अनेक गावांत मुसलमान असे. तो भांडे आतून-बाहेरून हाताळायचा, तापवायचा, कथील फिरवायचा, चिंधीने पुसायचा. त्याच्या हातातून आलेले पातेले पाणी घालून घरात घेतले जाई, कारण कल्हईशिवाय पितळेत आंबट शिजवता येत नाही. सोय होती, नियम वाकला.

ब्राह्मणी घरांत भांडी घासायला मोलकरीण असे. पेशवाईच्या पुण्यात तर कुणबिणी नावाने ओळखल्या जाणाऱ्या गुलाम बायका घरकामाला ठेवल्या जात. नंतरच्या काळातही सोवळे पाळणाऱ्या घरांत मोलकरणीने परसात भांडी घासायची आणि घरातल्या बाईने त्यांवर पाणी घालून, विसळून ती आत न्यायची, ही पद्धत जुन्या लोकांना माहीत आहे. खरकटे काढायचे कष्ट दुसरीचे, शुद्धीचा शेवटचा तांब्या मालकिणीचा. इथेही सोय होती, नियम वाकला. अस्पृश्य बाईला मात्र हे घासायचे कामसुद्धा मिळत नव्हते. तिच्या वाट्याला परड्याबाहेर उभे राहून भाकरी मागणे आले. देणारीचा हात लागू नये म्हणून ती वरून टाकली जाई. पाणी ओंजळीत, तेही वरून.

मढे घाटाच्या खाली महाड

आता आपल्या भागाकडे येऊ. वेल्हे तालुक्याला आता राजगड असे नाव मिळाले आहे. तोरणा आणि राजगड हे दोन किल्ले त्यात आहेत. केळदच्या पुढे मढे घाट उतरला की माणूस महाड तालुक्यात पोहोचतो. भोरकडून वरंधा घाट उतरला तरी महाडच. म्हणजे चवदार तळे आपल्याला नकाशावर शोधावे लागत नाही, ते घाटाच्या पायथ्याच्या पलीकडे आहे.

पण १९२७ साली या घाटाच्या वर आणि खाली दोन वेगळी राज्ये होती. खाली महाड ब्रिटिश मुंबई इलाख्यात. वर भोर संस्थान, पंतसचिवांचे. तोरण्याचे दुसरे नाव प्रचंडगड, आणि त्या नावाचा तालुकाच भोर संस्थानात होता. सी. के. बोले यांचा ठराव ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात संमत झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असे त्यात होते. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले केल्याचा ठरावही केला. पण मुंबईच्या कायदेमंडळाचा शब्द संस्थानाच्या हद्दीत चालत नव्हता. खाली निदान कागदावर हक्क होता, घाट चढून वर आले की तो कागदही नव्हता. भोर संस्थान ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. मावळच्या आपल्या लोकांच्या इतिहासात ही तारीख म्हणूनच महत्त्वाची आहे, आणि आपल्या कार्यक्रमांत तिचा उल्लेखही होत नाही.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी घेतले. त्या दिवशी काय झाले ते आपण सगळे जाणतो. वीरेश्वराच्या देवळात अस्पृश्य शिरणार अशी अफवा उठवली गेली, परिषदेच्या मंडपात जेवणाऱ्या माणसांवर हल्ला झाला, अन्न मातीत मिळवले गेले. नंतर तळे 'शुद्ध' करण्यात आले. १०८ घागरी, शेण, गोमूत्र, दूध, दही आणि मंत्र.

भांड्याच्या इतिहासाच्या अंगाने ही घटना पाहा. पतंजलीच्या नियमाने आमच्या तोंडाचे भांडे कशानेही शुद्ध व्हायला नको होते. मग तळे कसे शुद्ध झाले? कारण मडके फोडून टाकता येते, ताट वेगळे ठेवता येते, तळे टाकून देता येत नाही. त्यातले पाणी सवर्णांना रोज प्यायचे होते. म्हणून जे ताटाला शक्य नव्हते ते तळ्याला शक्य झाले. ज्या पाण्यात गुरे उतरतात ते चालते, शेण मिसळलेले चालते, पण माणसाच्या ओंजळीने ते बाटते. या व्यवहारात आरोग्य शोधूनही सापडणार नाही. इथे फक्त मालकीचा प्रश्न होता, आणि म्हणूनच तो पुढे दहा वर्षे कोर्टात लढवला गेला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. मंत्राने झालेली शुद्धी कायद्यापुढे टिकली नाही.

मडके, घागर आणि कप

काही ठिकाणी तर आपल्या लोकांनी घासून लख्ख करता येईल असे भांडे बाळगणेही गुन्हा ठरले. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिनिर्मूलन' या भाषणात गुजरातमधल्या झानू गावाचे उदाहरण दिले आहे. नोव्हेंबर १९३५ मध्ये तिथल्या बऱ्या परिस्थितीतल्या अस्पृश्य कुटुंबांतल्या बायका धातूच्या भांड्यांतून पाणी आणू लागल्या. सवर्णांना तो आपला अपमान वाटला आणि त्यांनी त्या बायकांना मारहाण केली. मातीचे मडके डोक्यावर असेल तर चालते, चकाकणारी घागर असेल तर नाही.

हे लक्षात घेतले की आपल्या वस्तीतल्या मांडणीचा अर्थ कळतो. कुठल्याही बौद्धवाडीत जा. घर दोन खोल्यांचे असो, मांडणीवर ताटे, वाट्या, डबे, तांबे ओळीने लावलेले असतात आणि आरशासारखे चमकत असतात. बाहेरचा माणूस याला हौस म्हणतो. फुटक्या भांड्यात अन्न घ्यायला लावलेल्या समाजाने स्वतःच्या कष्टाच्या पैशाने घेतलेले ताट घासून भिंतीवर लावणे याला आपण साधी हौस म्हणू नये. उर्मिला पवार यांनी आपल्या आत्मकथनाला 'आयदान' हे नाव दिले. कोकणात आयदान म्हणजे बांबूच्या विणलेल्या वस्तू, आणि त्याच शब्दाचे भांडे आणि शस्त्र असेही अर्थ आहेत. हा शब्द उगाच निवडलेला नाही.

धातूच्या घागरीनंतर चहाचा कप आला. कोल्हापुरात राजवाड्याच्या पाण्याला शिवल्याबद्दल मार खाल्लेल्या गंगाराम कांबळे यांना शाहू महाराजांनी हॉटेल काढून दिले आणि स्वतः तिथे जाऊन चहा घेतला. राजा दलिताच्या हातचा, दलिताने विसळलेल्या कपातला चहा पितो, हे त्या काळातले मोठे सामाजिक भाषण होते. पण गावोगावच्या हॉटेलांत वेगळी कपबशी चालूच राहिली. वळचणीला किंवा बाहेरच्या खुंटीवर ठेवलेला कप, ज्याचा त्याने काढायचा, पिऊन झाल्यावर स्वतः धुवायचा आणि परत ठेवायचा. आतल्या गिऱ्हाइकांचे कप हॉटेलातला पोऱ्या धुणार, आपला कप आपण. बघा, 'हाताने धुवायची वस्तू' अशी एक यादी त्या हॉटेलातही होती, फक्त ती जातीने केलेली होती. १९७२ साली डॉ. बाबा आढावांनी 'एक गाव एक पाणवठा' चळवळ सुरू केली, तेव्हा संविधान लागू होऊन बावीस वर्षे झाली होती आणि तरी पाणवठे वेगळे होते.

कायदा मात्र याबाबत स्पष्ट आहे. १९५५ च्या अस्पृश्यता कायद्यात, ज्याला १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात, चौथ्या कलमात भांड्यांचा थेट उल्लेख आहे. उपाहारगृह, हॉटेल, धर्मशाळा इथे सर्वांसाठी ठेवलेली भांडी वापरण्यापासून अस्पृश्यतेच्या कारणाने कुणाला रोखणे हा गुन्हा आहे. दोन हजार वर्षे ज्या ताटाने माणूस बाहेर काढला, त्या ताटाचे नाव या देशाला फौजदारी कायद्यात लिहावे लागले. कार्यकर्त्यांनी हे कलम पाठ ठेवावे.

धरणाचे पाणी, पुण्याची मोरी

आता आजचा प्रश्न. वेल्हे तालुक्यात पाऊस प्रचंड पडतो. आंबी नदीवर पानशेत, मोसे नदीवर वरसगाव, शिवाय गुंजवणी, अशी धरणे याच डोंगरात आहेत. पानशेत-वरसगावचे पाणी खडकवासल्यात येते आणि तिथून पुणे शहराच्या नळांना जाते. त्याच तालुक्यातल्या डोंगरवाड्यांवर उन्हाळ्यात बायका झऱ्यावर रांग लावतात, टँकरची वाट बघतात. आपल्या कितीतरी घरांत चैत्र-वैशाखात आजही भांडी राखेने कोरडी घासून तांब्याभर पाण्यात विसळली जातात.

शेती पुरत नाही म्हणून या वाड्यांतली कुटुंबे पुण्याला येतात. धायरी, नऱ्हे, कात्रज, सिंहगड रस्ता. पुरुष बांधकामावर किंवा वॉचमन, बाई धुणीभांडी. यांत बौद्ध आहेत, मातंग आहेत, कातकरी आहेत, मराठा कुणबीही आहेत. आपल्या तालुक्यातून आलेल्या पाण्याने ती दुसऱ्याच्या मोरीत पाचपाच घरांची भांडी घासते. बिडाचा तवा, करपलेली कढई, कुकर, सगळे तिच्या हाताखालून जाते. त्या घरातले एकही भांडे असे नसते ज्याला तिचा हात लागत नाही. आणि तिला चहा द्यायची वेळ आली की कप वेगळा. खिडकीच्या ग्रिलमध्ये किंवा सिंकच्या कोपऱ्यात उपडा ठेवलेला, कान तुटलेला किंवा स्टीलचा. तो तिनेच धुवायचा आणि तिथेच ठेवायचा.

पतंजलीच्या काळापासून पाहिलेला नियम इथे पूर्ण उलगडतो. तिच्या हाताने घासलेले ताट शुद्ध असते, कारण ते मालकाला हवे आहे. तिच्या तोंडाला लागलेला कप मात्र घासूनही शुद्ध होत नाही. 'स्वच्छतेसाठी ठेवतो हो' असे उत्तर मिळते. मग विचारा, तिने घासलेल्या ताटात तुम्ही जेवता तेव्हा स्वच्छता कुठे जाते? आणि कुणी म्हणेल, ही जुन्या पिढीची खोड आहे, तर सप्टेंबर २०१७ आठवा. पुण्यातच एका मोठ्या पदावरच्या शास्त्रज्ञ बाईंनी, स्वयंपाकाला ठेवलेली बाई ब्राह्मण नसताना जात लपवून सोवळ्याचा स्वयंपाक केला, अशी पोलिसांत तक्रार दिली होती. राज्यभर निषेध झाल्यावर ती मागे घेतली गेली. शिक्षणाने सोवळे सुटते असे मानणाऱ्यांनी ही घटना विसरू नये.

नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या त्या कलमात दुकान आणि हॉटेल आहे, कुणाच्या खासगी फ्लॅटमधला कप नाव घेऊन लिहिलेला नाही. पण संविधानाचे कलम १७ 'कोणत्याही स्वरूपातील' अस्पृश्यतेला मनाई करते. ग्रिलमधला कप हे तिचे आजचे स्वरूप आहे.

मशीन आले, हात कुठे गेले?

भांडी घासायचे पहिले उपयोगी मशीन अमेरिकेत जोसेफिन कॉक्रेन या बाईने बनवले. त्याचे पेटंट तिला १८८६ साली मिळाले आणि १८९३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात ते मांडले गेले. नोकरांच्या हातून घरातल्या किमती चिनी मातीच्या भांड्यांचे टवके उडत, म्हणून तिने हा विचार केला असे सांगतात. म्हणजे घासणाऱ्या हाताचे श्रम वाचवावेत यापेक्षा भांडे वाचवावे ही काळजी तिथेही पहिली.

आपल्याकडे हे मशीन खऱ्या अर्थाने शहरी मध्यमवर्गाच्या डोळ्यांत भरले ते २०२० च्या लॉकडाऊनमध्ये. सोसायट्यांची दारे मोलकरणींना बंद झाली, कित्येकींचे पगार थांबले, आणि मशीनची मागणी वाढली. यंत्राला आपला विरोध नाही. बाबासाहेबांनी यंत्राचे स्वागतच केले होते, कारण कष्टकऱ्याला फुरसत मिळाल्याशिवाय तो माणूस म्हणून जगू शकत नाही. पण सुरुवातीची यादी पुन्हा वाचा. वाट्या-चमचे मशीनमध्ये जातात, तवा-कढई बाईसाठी राहते. सोपे काम यंत्राने घेतले, अवघड काम हातावर ठेवले, आणि 'आता भांडी कमी झाली' म्हणून पगार कापला, असे होणार नाही याची काळजी संघटनेलाच घ्यावी लागेल.

पुण्याला याचाही इतिहास आहे. १९८० साली इथल्या मोलकरणींनी संप केला होता आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. २००८ साली महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. हे कुणाच्या दयेने मिळाले नाही.

भिक्खूचे पात्र

ब्राह्मणी परंपरेत भांड्यावरून माणूस बाहेर काढला गेला. आपल्या परंपरेत भांड्याचे काय होते? विनयपिटकात भिक्खूच्या पात्राबद्दल बारीक नियम आहेत. पात्र फक्त लोखंडाचे किंवा मातीचे. सोन्या-चांदीचे नको, लाकडाचे नको. ओले ठेवून द्यायचे नाही, फार वेळ उन्हात ठेवायचे नाही. हे सगळे नियम भांडे टिकावे म्हणून आहेत, जेवणारा कोण यावर त्यांतला एकही नाही. शिष्याने उपाध्यायाचे पात्र धुवावे असे आहे, पण शिष्य आजारी असेल तर उपाध्यायानेही शिष्याचे पात्र धुवावे असेही आहे. ज्या संघात शाक्य राजपुत्रांच्या आधी उपाली नावाच्या न्हाव्याला प्रव्रज्या मिळाली आणि राजपुत्र त्याला वंदन करू लागले, तिथे पात्र धुण्याचे काम जातीकडे जाणे शक्यच नव्हते. आनंदाने मातंग मुलीकडे पाणी मागितले आणि ती जात सांगून मागे सरली, तेव्हा मी जात विचारली नाही असेच त्याचे उत्तर होते.

आपण काय करायचे?

पहिली गोष्ट आपल्या घरापासून. १४ ऑक्टोबर १९५६ ला आपण धम्म घेतला, पण आपल्या घरातल्या मोरीपाशी अजून बाईच बसलेली असते. जयंतीच्या भोजनदानात भाषणे पुरुषांची आणि मोठमोठी पातेली घासायला बायका, हे चित्र बदलले पाहिजे. प्रत्येक विहारात, प्रत्येक शिबिरात ज्याचे ताट त्याने धुवावे आणि करपलेली पातेली तरुणांनी घासावीत, हा नियमच करा.

दुसरी, आपल्या वस्तीतल्या प्रत्येक घरकामगार बहिणीची कल्याण मंडळाकडे नोंदणी करून द्या आणि तिला संघटनेत आणा. वेगळ्या कपाविरुद्ध एकटी बाई बोलली तर काम जाते. एका सोसायटीत काम करणाऱ्या सगळ्या जणी मिळून 'वेगळ्या कपात चहा घेणार नाही' म्हणाल्या, तर पाच घरांची भांडी एकाच सकाळी पडून राहतील. मराठा-कुणबी बहिणींनाही यात सोबत घ्या, कारण तो कप त्यांच्यासाठीही वेगळाच ठेवलेला असतो.

तिसरी, वेल्हे, भोर, मुळशीतल्या म्हाताऱ्या माणसांकडून हा इतिहास लिहून घ्या. पाणी कुठून घ्यायचे, हॉटेलात कप कुठे टांगलेला असायचा, घरात पहिले पितळी भांडे कधी आले, पहिला स्टीलचा डबा कुणी आणला. भोर संस्थानाचे इतिहास किल्ल्यांचे आणि पंतसचिवांचे लिहिले गेले आहेत. संस्थानाच्या हद्दीत आपला पाण्याचा घोट कसा होता, हे लिहायला दुसरे कुणी येणार नाही.

काही भांडी हातानेच धुवावी लागतात, आणि पुढेही लागतील. पण तो हात कुणाचाही असू शकतो, मालकाचाही आणि पुरुषाचाही. आणि धुतलेले भांडे शुद्ध असेल तर ते धुणाऱ्यासाठीही शुद्धच आहे. एवढे मान्य करायला दोन हजार वर्षे लागली असतील तर आता आणखी वाट बघायची गरज नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!